इंजिनाची वाट पाहणारं विमान

माक्की सी-२०२ फोल्गोरे या इटालियन लढाऊ विमानाचं वरून काढलेलं ड्रॉइंग नीट पाहिलं, तर डावा पंख उजव्यापेक्षा लांब दिसतो. फरक सुमारे २० सेंटिमीटरचा आहे आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. हातातलं ड्रिल मशीन भोकात अडकलं की मनगटाला जसा उलटा हिसका बसतो, तसाच हिसका हजार अश्वशक्तीचं इंजिन पंखा फिरवताना अख्ख्या विमानाला देतं. पंखा एका दिशेला फिरतो आणि विमान उलट बाजूला कलायला बघतं. या विमानात तो कल डावीकडे होता. म्हणून त्याचा रचनाकार मारिओ कास्तोल्दी यानं डावा पंखच जरा लांब केला, म्हणजे त्या बाजूला थोडी जास्त उचल मिळेल आणि वैमानिकाला नियंत्रणाच्या काठीशी सतत झटापट करावी लागणार नाही.

माझी सगळी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत, टूलरूममध्ये जिग आणि फिक्स्चर बनवण्यात गेली. त्यामुळे मी कुठलंही यंत्र दोन नजरांनी बघतो: ते चालतं कसं, आणि ते बनवायला किती हात आणि किती तास लागतात. सहसा डावा भाग उजव्याचं आरशातलं रूप असतो आणि एकाच ड्रॉइंगवर ‘अपोझिट हँड’ असा शेरा मारून काम भागतं. फोल्गोरेच्या पंखांना ती सोय नाही. तिथे मापं वेगळी, टेम्प्लेट वेगळ्या, तपासणी वेगळी. उडताना सुखाची असलेली ही युक्ती बनवताना महाग पडते. दुसऱ्या महायुद्धातल्या या विमानाची सगळी कहाणी मला याच दोन नजरांमधल्या अंतरात दिसते. ती सांगावीशी वाटते, कारण इतक्या कुशल हातांचं काम इतकं अपुरं ठरलेलं मला सोसत नाही.

उत्तर इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी वारेझे नावाचं गाव आहे. तिथल्या माक्की कुटुंबाचा धंदा घोडागाड्या आणि मोटारींच्या बॉडी बांधण्याचा. जुल्यो माक्की यानं १९१३ मध्ये फ्रान्सच्या न्यूपोर कंपनीशी हात मिळवून विमानं बांधायला घेतली. पुढे पाण्यावरून उडणाऱ्या विमानांत या कारखान्यानं नाव काढलं, कारण उतरायला जवळच वारेझेचं सरोवर होतं. १९२२ मध्ये कास्तोल्दी मुख्य रचनाकार झाला आणि पुढची वीस-बावीस वर्षं माक्कीच्या ड्रॉइंग बोर्डावर त्याचाच शब्द चालला.

त्या काळात वेगाची खरी प्रयोगशाळा म्हणजे श्नायडर करंडकाची शर्यत. सागरी विमानांच्या या स्पर्धेत देशांची प्रतिष्ठा पणाला लागायची. १९२६ मध्ये अमेरिकेत हॅम्प्टन रोड्सला मारिओ दे बेर्नार्दी यानं कास्तोल्दीचं एम-३९ उडवलं आणि ताशी जवळजवळ ३९७ किलोमीटरच्या सरासरीनं करंडक जिंकला. लांबट, निमुळतं, लाल रंगाचं ते विमान होतं. पुढच्या शर्यती मात्र ब्रिटिशांनी जिंकल्या, रेजिनाल्ड मिचेल या रचनाकाराच्या विमानांवर. कास्तोल्दी आणि मिचेल ही नावं वाचकानं लक्षात ठेवावीत. दोघांचं शिक्षण एकाच शर्यतीत झालं, पण पुढची वाट त्यांच्या त्यांच्या देशांनी ठरवली.

मिचेलला हरवण्यासाठी कास्तोल्दीनं एमसी-७२ बांधलं. फियाटची दोन बारा सिलिंडरची इंजिनं एकामागे एक जोडून चोवीस सिलिंडरचं एक लांबलचक इंजिन केलं आणि पुढे एकाच अक्षावर दोन पंखे विरुद्ध दिशांना फिरवले. एकाचा पीळ दुसरा खाऊन टाकतो, त्यामुळे विमान कलत नाही. कल्पना फार सुंदर होती, पण इंजिन हवेत फुटक्या आवाजानं मागे भडकायचं. १९३१ च्या ऑगस्टमध्ये हे विमान उडवताना जोव्हानी मोन्ती मेला, सप्टेंबरात स्तानिस्लाओ बेल्लिनी. इटली त्या वर्षी शर्यतीत उतरूच शकली नाही आणि ब्रिटननं करंडक कायमचा नेला.

शर्यत संपली तरी काम थांबलं नाही. जमिनीवर नीट चालणारं इंजिन हवेतच का बिघडतं, याचा शोध लागला. पूर्ण वेगात हवा इतक्या जोरानं आत घुसायची की इंधनाचं मिश्रण पातळ व्हायचं. ब्रिटिश इंधनतज्ज्ञ रॉड बँक्स यांची मदत घेतली गेली आणि इंधन बदललं. २३ ऑक्टोबर १९३४ रोजी गार्दा सरोवरावर, देझेन्झानोजवळ, लहानखुऱ्या अंगाच्या फ्रान्चेस्को आजेल्लोनं हेच विमान ताशी ७०९.२०९ किलोमीटर वेगानं उडवलं. पिस्टन इंजिनाच्या सागरी विमानांत तो विक्रम आजतागायत कुणी मोडलेला नाही. दोन माणसं गमावल्यावरही दोष मुळापासून शोधून काढणाऱ्या त्या मेकॅनिक आणि इंजिनिअर मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि इथेच इटलीनं घोडचूक केली. ज्या देशाच्या हातात जगातलं सर्वांत वेगवान विमान होतं, त्यानं तसल्या इंजिनांचं काम पुढे नेलं नाही. हवाई खात्यानं लढाऊ विमानांसाठी पाण्यानं थंड होणारी, लांबट इंजिनं बाजूला ठेवली आणि हवेनं थंड होणाऱ्या, गोलाकार रेडियल इंजिनांवर भर दिला. निर्णयाला कारणं होती. रेडियल इंजिन साधं असतं, दुरुस्तीला सोपं असतं, त्याला रेडिएटर नसतो, त्यामुळे एक गोळी लागून पाणी गळून जाईल अशी भीती नाही. वाळवंटात आणि कच्च्या धावपट्टीवर हे गुण मोलाचेच. पण रेडियलचं तोंड रुंद असतं, हवा अडते, आणि फियाटचं ए-७४ हे इंजिन जेमतेम साडेआठशे अश्वशक्तीच्या आसपास घुटमळत होतं.

तिकडे ब्रिटनमध्ये रोल्स-रॉइसनं शर्यतीच्या इंजिनातून मिळालेलं ज्ञान वाया जाऊ दिलं नाही. त्यांचं मर्लिन इंजिन तयार होत होतं. मिचेलनं त्याच्याभोवती स्पिटफायर बांधलं आणि ५ मार्च १९३६ ला ते पहिल्यांदा उडालं. म्हणजे शर्यतीतला एक रचनाकार हजार अश्वशक्तीचं निमुळतं इंजिन घेऊन कामाला बसला होता, आणि त्याच तोलाच्या दुसऱ्यासमोर रुंद तोंडाचं, अशक्त इंजिन ठेवलं गेलं होतं.

त्याच १९३६ साली इटालियन हवाईदलानं नव्या, एकपंखी, धातूच्या लढाऊ विमानाची मागणी काढली. कास्तोल्दीनं दिलेलं उत्तर म्हणजे सी-२०० साएत्ता. २४ डिसेंबर १९३७ ला लोनाते पोत्सोलोच्या मैदानावरून जुसेप्पे बुरेईनं ते पहिल्यांदा उडवलं. रुंद इंजिनावरून वैमानिकाला पुढचं दिसावं म्हणून कॉकपिट उंच उचललं, त्यामुळे पाठीला कुबड आल्यासारखं दिसतं. ताशी ५०० किलोमीटरला ते टेकलं. सांगाडा इतका भक्कम की सुळकांडीतही निर्धास्त असावं. हत्यार मात्र नाकावर दोनच, १२.७ मिलिमीटरच्या ब्रेदा-साफात मशीनगन.

साएत्ताच्या वाट्याला दोन अडचणी आल्या. पहिली माणसांची. इटालियन वैमानिक कसरतीच्या शाळेत घडलेले. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांच्या दुपंखी फियाट सीआर-३२ नं चांगली कामगिरी केली होती, आणि चपळपणे वळणारं, उघड्या कॉकपिटचं विमानच खरं, अशी त्यांची पक्की धारणा झाली होती. साएत्ताला सुरुवातीला बंद काचेचं कॉकपिट दिलं होतं. वैमानिकांच्या आग्रहापुढे ते उघडं करावं लागलं. प्रसिद्ध चौथ्या स्टॉर्मोनं, म्हणजे हवाई रेजिमेंटनं, आधी हे विमान नको म्हटलं आणि दुपंखी सीआर-४२ पसंत केलं. सीआर-४२ सतराशेहून अधिक बांधली गेली, तीही अशा वर्षांत जेव्हा दुपंखी लढाऊ विमानाचे दिवस भरले होते.

दुसरी अडचण हवेतली. जोरात वळताना साएत्ता अचानक उचल गमावून गरगरत खाली यायचं. अपघात झाले, माणसं गेली, काही काळ उड्डाणं थांबवावी लागली. पंखाचा छेद मुळापासून टोकापर्यंत एकसारखा होता, हे त्याचं कारण. आंब्रोझिनी कंपनीच्या सेर्जो स्तेफानुत्ती यानं पंखाचा छेद टोकाकडे बदलत नेण्याचा उपाय केला आणि तो लागू पडला. त्यानंतर हेच विमान हाताला गोड म्हणून ओळखलं गेलं. १० जून १९४० ला मुसोलिनीनं युद्धात उडी घेतली, तेव्हा अशी साएत्ता दीडशेच्या आसपास होती, आणि त्यातली निम्मीच लढायला तयार.

कास्तोल्दीला काय हवं होतं ते त्याला ठाऊक होतं. ते इंजिन शेवटी जर्मनीतून आलं. डाइमलर-बेन्झ डीबी-६०१, बारा सिलिंडरचं, उलट्या व्ही आकाराचं, ११७५ अश्वशक्तीचं. साएत्ताचे पंख, शेपूट, चाकांची रचना बहुतांशी तशीच ठेवून त्यानं नवं, निमुळतं धड आखलं. हेच सी-२०२ फोल्गोरे. लोनाते पोत्सोलोलाच १० ऑगस्ट १९४० ला ग्वीदो कारेस्तियातो पहिलं उड्डाण करून खाली आला, आणि पाहणाऱ्यांना कळून चुकलं की इटलीला अखेर पहिल्या रांगेचं लढाऊ विमान मिळालं. वेग ताशी ६०० किलोमीटरच्या घरात. सहा हजार मीटर उंची सहा मिनिटांच्या आत. ए-७४ च्या रुंद तोंडामागे दबून राहिलेली रचना लांबट इंजिन मिळताच मोकळी झाली. साएत्ताचाच पंख आणि साएत्ताचीच शेपूट घेऊन ताशी जवळजवळ शंभर किलोमीटर जास्त वेग मिळतो, याचा अर्थ ती रचना सुरुवातीपासूनच उत्तम होती. तिला इंजिन उशिरा मिळालं, इतकंच.

सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस चौथ्या स्टॉर्मोची फोल्गोरे सिसिलीत कोमिसोला आली. पहिल्या महायुद्धातला वीर फ्रान्चेस्को बाराक्का याचा उसळता घोडा हे या स्टॉर्मोचं चिन्ह. ३० सप्टेंबरला माल्टाहून आलेल्या हरिकेन विमानांशी त्यांची पहिली गाठ पडली आणि हरिकेन मागे पडतं हे दिसून आलं. पुढे लिबियाच्या आकाशात अमेरिकी बनावटीच्या पी-४० वरही फोल्गोरे भारी पडलं. स्पिटफायरची पाचवी आवृत्ती आली तेव्हा सामना तुल्यबळ झाला. तोकडी होती ती हत्यारं. समोरच्या स्पिटफायरवर २० मिलिमीटरच्या तोफा, आणि इथे त्याच दोन मशीनगन. नंतरच्या विमानांच्या पंखांत आणखी दोन लहान बसवल्या, त्यानं फार फरक पडला नाही. रेडिओही भरवशाचा नसायचा.

या आकाशाखाली आपली माणसं होती. १९४२ च्या जूनमध्ये लिबियातलं तोब्रूक पडलं तेव्हा तिथल्या अकराव्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं त्या वाळूत लढली आणि युद्धकैदी झाली. नंतर खुद्द इटलीच्या भूमीवर, जुलै १९४४ मध्ये तिबेर नदीच्या खोऱ्यात माणगावकडचे नायक यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे तिथेच पडले. म्हणून फोल्गोरेचं कौतुक करताना मी एक गोष्ट विसरत नाही. हे विमान फॅसिस्ट सत्तेच्या आक्रमणासाठी उडालं. ती सत्ता हरली हे चांगलंच झालं. कारागिराच्या कामाला मान द्यायचा, आणि ते कुणाच्या कामी आलं तेही स्पष्ट बोलायचं, या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे कारखान्याकडे येतो. युद्धात एक उत्तम विमान पुरत नाही, शेकड्यांनी लागतात. जर्मनीहून आलेली तयार इंजिनं थोडी. बाकीची परवान्यावर आल्फा रोमेओनं नेपल्सजवळच्या पोमिल्यानो दार्कोच्या कारखान्यात बनवायची होती. डीबी-६०१ हे साधं इंजिन नव्हतं. त्याला कार्बुरेटर नाही, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारा पंप आहे. तो पंप बनवायला मायक्रॉनच्या हिशेबाचं घासकाम लागतं, चांगलं पोलाद लागतं, आणि असं काम वर्षानुवर्षं केलेले हात लागतात. ज्या देशानं तसली इंजिनं मधल्या काळात बाजूला ठेवली, त्याच्याकडे ते हात एका रात्रीत कुठून येणार? महिन्याला पन्नास-साठ इंजिनांच्या आसपास मजल राहिली. त्यातही वाटेकरी होते. रेज्जाने कंपनीच्या आरई-२००१ लाही हेच इंजिन लागत होतं. सांगाडे तयार आणि इंजिन नाही, ही कुठल्याही असेंब्ली शॉपमधली सगळ्यात वाईट अवस्था.

दुसरं दुखणं सांगाड्याचं. एका फोल्गोरेला सुमारे २२ हजार मनुष्यतास लागत, असा आकडा या विषयाचे अभ्यासक देतात. जर्मनांचं मेसरश्मिट १०९ पाच हजारांच्या आसपास पूर्ण व्हायचं. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हापासून छळतो. कारण असे तास कुठे जातात ते मी पाहिलं आहे. दोन दिशांना वळणारा पत्रा ठोकून आकार द्यायचा, बसवून बघायचा, काढायचा, कानस मारायची, पुन्हा बसवायचा. आमच्याकडचे जुने फिटर नवं ड्रॉइंग हातात आलं की आधी एवढंच विचारायचे, “साहेब, हे बसवायचं कसं?” तो प्रश्न रचनाकारानं स्वतःला आधी विचारायचा असतो. मेसरश्मिटच्या रचनाकारांनी तो विचारला होता: विमान सोप्या भागांत तोडता यावं, भाग वेगवेगळ्या ठिकाणी बनून एका ठिकाणी जुळावेत. कास्तोल्दी शर्यतीच्या विमानांत घडला होता. तिथे दोन-चार विमानं बांधायची असतात, पैसा आणि वेळ विचारायचा नसतो, आणि प्रत्येक पत्र्यावर सर्वोत्तम कारागीर बसलेला असतो. ती सवय फोल्गोरेत उतरली. लांब डावा पंख हे तिचं चांगलं रूप आणि २२ हजार तास हे तिचं बिल.

कामाचा मोठा भार माक्कीपेक्षा मिलानच्या ब्रेदानं उचलला. थोडी विमानं आंब्रोझिनीनं पासिन्यानोला, त्रासिमेनो सरोवराकाठी बांधली. सगळी मिळून अकराशेच्या वर भरतात. ब्रेदाची विमानं ब्रेस्सोच्या मैदानावर तपासून हवाईदलाला दिली जात. २६ नोव्हेंबर १९४२ ला तिथे दोन फोल्गोरे हवेत आदळली. एकात होता फ्रान्चेस्को आजेल्लो. ताशी ७०९ किलोमीटरचा विक्रम करणारा माणूस कारखान्यातून नुकतं निघालेलं विमान तपासताना गेला. दुसऱ्या विमानातला ग्वीदो मासिएरो हाही नामांकित वैमानिक होता, तोही मेला. इतके अनुभवी लोक रोजच्या तपासणीच्या कामात गमावणं हे इटलीच्या हवाई उद्योगाचं मोठंच नुकसान होतं.

तोवर कास्तोल्दीनं पुढचं पाऊल टाकलं होतं. १४७५ अश्वशक्तीचं डीबी-६०५ बसवलेलं सी-२०५ वेल्त्रो १९ एप्रिल १९४२ ला उडालं. वेग ताशी ६४० च्या आसपास, आणि नंतरच्या विमानांच्या पंखांत अखेर २० मिलिमीटरच्या तोफा. भूमध्य समुद्रावरच्या सर्वोत्तम लढाऊ विमानांत त्याची गणना होते. बांधली गेली ती अडीचशेच्या थोडी वर. १९४३ च्या सुरुवातीला जर्मन तज्ज्ञांनी ग्विदोनियाला इटलीची नवी विमानं तपासली आणि फियाटच्या जी-५५ ला सर्वांत वरचं स्थान दिलं. पण त्याचेही तास पाहून त्यांनी मोठ्या उत्पादनाचा विचार सोडला. ८ सप्टेंबर १९४३ ला शस्त्रसंधी जाहीर झाली. देश दुभंगला आणि माक्कीची विमानं दोन्ही बाजूंनी उडू लागली. १९४४ च्या एप्रिलमध्ये वारेझेच्या कारखान्यावर बॉम्ब पडले आणि वेल्त्रोचं काम थांबलं.

युद्धानंतर पराभूत देशात लढाऊ विमानं कोण मागणार? माक्कीनं मालवाहू तीनचाकी बांधली, मग मोटारसायकली. त्या इतक्या चांगल्या निघाल्या की १९६० मध्ये हार्ले-डेव्हिडसननं त्या धंद्यात निम्मी भागीदारी घेतली. विमानांची बाजू कास्तोल्दीनंतर एर्मान्नो बाझोक्की या रचनाकारानं सांभाळली. त्याचं एमबी-३२६ हे जेट प्रशिक्षण विमान १० डिसेंबर १९५७ ला उडालं. चालवत होता ग्वीदो कारेस्तियातो, फोल्गोरेचं पहिलं उड्डाण करणारा तोच वैमानिक. हे विमान अनेक देशांनी विकत घेतलं आणि काहींनी परवान्यावर बांधलं. एके काळी परवान्याचं इंजिन मिळवण्यासाठी तळमळणारा कारखाना आता दुसऱ्यांना परवाना देत होता. कास्तोल्दी १९६८ मध्ये वारला.

फोल्गोरेवर लिहिणारे बहुतेक जण त्याच्या सौंदर्यापाशी थांबतात. ते सौंदर्य मलाही मोहात पाडतं. पण टूलरूममधल्या माणसाला त्याच्यापलीकडचंही सांगावं लागतं. उत्तम रचनाकार एखाद्याच देशाच्या वाट्याला येतो असं नाही, तो कुठेही जन्मू शकतो. इंजिन बनवणारे हात मात्र एका निर्णयानं तयार होत नाहीत. त्यांना सलग काम द्यावं लागतं, युद्ध नसताना, गरज दिसत नसताना, वर्षामागून वर्ष. एमसी-७२ च्या इंजिनावर घडलेली माणसं १९३४ नंतर त्याच कामाला लावली असती, तर कास्तोल्दीला परक्या इंजिनाची वाट पाहावी लागली नसती. आज आपण परवान्यावर इंजिनं बनवतो, बाहेरची ड्रॉइंग आणून विमानं जुळवतो. कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही मंत्रालयात इंजिनाचं काम ‘सध्या राहू द्या’ म्हणून बाजूला ठेवायचा विचार निघाला, तर त्या टेबलावर वारेझेची ही हकिकत कुणीतरी मांडावी, अशी माझी इच्छा आहे.